चित्रात जी बंद आहे ती

१

जुनी चित्रं धुवायची असतात, हे सांगितलं की लोक माझ्याकडे संशयाने बघतात. त्यांना वाटतं, बाई विकते तेही नीट नाही आणि वर पाण्यात बुडवते. पण तांब्याच्या पत्र्यावर कोरून छापलेलं चित्र चिंध्यांच्या कागदावर असतं, आणि तो कागद अडीचशे वर्षांचा असला तरी पाण्याला घाबरत नाही. मी त्याला तबकात गार पाण्यात निजवते, दोनदा पाणी बदलते, मग टिपकागदांच्या मध्ये दाबून ठेवते. एकतीस वर्षं हेच करते आहे. इंग्लंडच्या सफक परगण्यातल्या आमच्या बाजाराच्या गावात दुकानावर पाटी आहे, ‘एच. गूच, जुनी छापचित्रं’. एच म्हणजे हेस्टर, पण घरी मी हेटी.

माझा जीव विटांच्या घरांत. मोठमोठ्या दगडी देवळांची आणि किल्ल्यांची चित्रं कोणीही विकावीत. मला हव्या असतात त्या लाल विटांच्या जुन्या हवेल्या, पिळाच्या धुराड्यांच्या, पायऱ्यापायऱ्यांच्या त्रिकोणी माथ्यांच्या. वडील गवंडी होते, धाकटा भाऊ रूबेन गवंडी आहे, त्यामुळे वीट आमच्या रक्तात. रूबेन विधुर. बायको गेल्यापासून तो दुकानाच्या वरच माझ्यासोबत राहतो. तो म्हणायचा, “तू कागदावरच्या विटा धू, मी खऱ्या लावतो. हात दोघांचेही फाटायचे ते फाटतातच.”

मार्चमधल्या एका सोमवारी ऑल्डरिंग हॉल या जुन्या हवेलीच्या मालकीण श्रीमती कॅटरमोल दुकानात आल्या. हातमोजे न काढता खुर्चीच्या कडेला बसल्या. घराच्या दर्शनी भिंतीला दोन टोकांना दोन उंच माथे आहेत, त्या दोन्ही माथ्यांत एकेक माळा, आणि दोन्ही माळ्यांच्या खिडक्या विटांनी बुजवलेल्या. आतले जिने किडे लागून केव्हाच काढून टाकलेले. आता छप्पर गळायला लागलं होतं, तुळया बघायला आत शिरणं भाग होतं, म्हणजे एक खिडकी फोडायलाच हवी.

“कुठलीही एक फोडा की,” मी म्हटलं.

“तसं नाही,” त्या म्हणाल्या. लग्न होऊन त्या घरात आल्या त्या पहिल्याच आठवड्यात सासऱ्यांनी त्यांना एक गोष्ट बजावली होती. घराचं जुनं चित्र आहे, त्या चित्रात जी खिडकी बंद आहे तिला कधी हात लावायचा नाही. का, ते त्यांनी सांगितलं नाही आणि यांनी विचारलं नाही. घरातलं चित्र पुढे ओल लागून कुजून गेलं. सासरे गेले, नवरा गेला, आणि आता दोन्ही खिडक्या बंद, त्यातली कुठली ती हे सांगणारं कोणी उरलं नव्हतं.

ते चित्र माझ्याकडे होतं. तिसऱ्या खणात, खाली ठसठशीत अक्षरांत नाव आणि साल, १६९४. मी ते टेबलावर पसरलं. घर दोन्ही बाजूंनी तंतोतंत सारखं. डाव्या माथ्यातली खिडकी उघडी, तिच्या काचा एकेक रेघ मारून दाखवलेल्या. उजवी विटांनी बुजवलेली.

“सरळ आहे,” मी म्हटलं. “खिडक्यांवर कर बसला तो या चित्रानंतर दोन वर्षांनी. तेव्हा सगळ्यांनीच खिडक्या बुजवल्या. तुमची डावी त्यात गेली. ती खुशाल उघडा. उजवी तुमच्या सासऱ्यांची.”

“खात्रीने सांगताय ना?”

“एकतीस वर्षं हेच करतेय, बाईसाहेब.”

काम रूबेनला द्या, हेही मीच सुचवलं.

२

श्रीमती कॅटरमोलनी चित्र विकत घेतलं, पण धुऊन चौकटीत बसवून द्या म्हणाल्या. मंगळवारी मी ते पाण्यातून काढलं आणि भिंग घेऊन बसले.

असल्या चित्रांत घरासमोरच्या अंगणात चार-दोन माणसं घातलेली असतात, घर किती मोठं आहे ते कळावं म्हणून. इथे चौघं होती. एक गृहस्थ टोपी उचलून एका बाईला नमस्कार करत होता, एक जण तलवार लावून उभा होता, आणि एक मोतद्दार घोडा धरून. सगळं नेहमीचं. तरी त्यांच्याकडे बघताना मला अवघडल्यासारखं होत होतं, एखाद्या घरात पाहुणी म्हणून जावं आणि सगळ्यांनी आपल्याकडे बघून बोलणं थांबवावं तसं.

बऱ्याच वेळाने लक्षात आलं. गृहस्थाने टोपी डाव्या हाताने उचलली होती. तलवार उजव्या कमरेला होती, म्हणजे उपसायची तर डाव्या हाताने. आणि मोतद्दार घोड्याच्या उजव्या अंगाला उभा होता. आमच्याकडे शेंबडं पोरही घोड्याला डाव्या अंगाने धरतं. अंगणातली सगळी माणसं डावखुरी होती.

कोरणाऱ्याची लहर, असं म्हणून मी भिंग खाली ठेवलं. खाली नाव आणि साल सुलट, स्पष्ट होतं. चहाची वेळ झाली होती.

३

बुधवारी संध्याकाळी रूबेन कामावरून आला, बूट दाराशी काढले आणि टेबलाशी बसून पावाला मुरंबा फासायला लागला. गप्प होता. रूबेन गप्प म्हणजे एकतर पाऊस येणार किंवा भिंत चुकलेली.

“तुझी ती डावी खिडकी,” तो शेवटी म्हणाला. “विचित्र आहे गं.”

“माझी कशी? कॅटरमोलबाईंची.”

“हे बघ.” त्याने दोन पाव एकमेकांवर ठेवून दाबले. मधला मुरंबा दोन्ही बाजूंनी बाहेर आला. “मी बाहेर उभा राहून भिंत रचतोय. वीट दाबली की चुना दोन्हीकडून बाहेर येतो. माझ्या बाजूचा मी थापीने निपटून घेतो, सांधा नीट करतो. पलीकडे हात पोचत नाही, तिकडे तो ओघळून तसाच वाळतो. म्हणून कुठलीही भिंत बघितली की मला कळतं, लावणारा कुठल्या बाजूला उभा होता.”

“मग?”

“तिथे चुना बाहेर ओघळलाय. लावणारा आत होता.”

मी म्हटलं, असेल. आत उभं राहून लावली आणि जिन्याने खाली आला. तेव्हा जिना होता की. परांची बांधायचा खर्च वाचवला असेल कोणी. रूबेनला ते पटलं, निदान त्याने पाव खाल्ला. उद्या सकाळी पुरतं भोक पाडून आत जाणार म्हणाला. उठताना हसून म्हणाला, “काय सुरेख लावलंय पण. आतून, अंधारात, आणि एक वीट वाकडी नाही. त्याला माझ्याकडे कामाला घेतला असता.”

४

गुरुवारी सकाळी साडेनऊला मी चित्र चौकटीत बसवायला घेतलं. काच ठेवण्याआधी एकदा भिंगातून बघायची माझी सवय आहे. या वेळी नजर उजव्या, बुजवलेल्या खिडकीवर गेली.

विटांच्या प्रत्येक ओळीखाली बारीक ठिपके होते. आधी मला ते कागदावरचे तांबूस डाग वाटले होते. पण डाग धुतल्यावर फिकट होतात, हे झाले नव्हते. हे कोरलेले होते. कोरणाऱ्याने मोठ्या प्रामाणिकपणे प्रत्येक सांध्याखाली ओघळलेला चुना दाखवला होता. घराच्या बाकी भिंतीवर कुठेही तो नव्हता.

काल रूबेनने सांगितली ती हीच खिडकी. पण रूबेन डावी फोडत होता.

मी पुन्हा त्या डावखुऱ्या माणसांकडे पाहिलं आणि मग मला माझीच चूक दिसली. या धंद्यात पहिल्या दिवशी शिकवतात ती गोष्ट. पत्र्यावर चित्र उलटं कोरावं लागतं, तेव्हा कागदावर ते सुलटं उमटतं. आळशी कोरणारा समोरचं रेखाटन तसंच उतरवून घेतो आणि छापल्यावर सगळं आरशातल्यासारखं होतं, डावं ते उजवं. अक्षरं मात्र वेगळाच कारागीर कोरतो. तो चुकत नाही, कारण उलटं अक्षर आंधळ्यालाही दिसतं. नाव सुलट होतं म्हणून मी घरही सुलट धरलं. घर दोन्ही बाजूंनी सारखं, त्यामुळे माझी चूक पकडणारं तिथे काही नव्हतं. त्या चौघांशिवाय. त्यांनी मला मंगळवारीच सांगितलं होतं.

मी हॉलला फोन लावला. श्रीमती कॅटरमोलनीच उचलला.

“रूबेनला खाली बोलवा,” मी म्हटलं. “काम थांबवा. चित्र उलटं आहे. डावीच बंद होती.”

“ते तर आत गेलेत,” त्या म्हणाल्या. “अर्धा तास झाला. मिस गूच, तुम्ही खात्रीने सांगितलं होतंत.”

५

गाडी रूबेन घेऊन गेला होता. मी शेजारच्या बेकरीवाल्याच्या, फिस्कच्या, गाडीत पावांच्या ट्रेंच्या मध्ये बसून गेले. सात मैल. फिस्क काहीबाही बोलत होता, मी हो-हो करत होते. रूबेनला काही झालं तर ते मी केलेलं असेल, एवढंच डोक्यात होतं. आई गेली तेव्हा तो सहा वर्षांचा होता. तेव्हापासून त्याला मी सांभाळलेलं.

पोचले तर रूबेन दाराच्या पायरीवर उन्हात बसून चहा पीत होता.

माझ्या जिवात जीव आला. मी त्याच्या खांद्यावर दोन चापट्या मारल्या आणि तिथेच रडले. तो हसला. “आत काही नाही गं,” तो म्हणाला. “रिकामा माळा. बाईंनी खालून हाका मारल्या, म्हणून खिडकी परत बुजवून टाकली.” मी वर बघितलं. खिडकी पूर्ण बंद होती. श्रीमती कॅटरमोल म्हणाल्या, त्यांनी खालून खूप हाका मारल्या, उत्तर आलं नाही, पण भोकात विटा चढायला लागलेल्या दिसल्या, तेव्हा त्या चहा ठेवायला आत गेल्या. बाहेर आल्या तर हे पायरीवर बसलेले.

रूबेनने कपात साखर घातली आणि ढवळली. डाव्या हाताने.

“हाताला काय झालं?”

“मनगट लचकलंय,” तो म्हणाला. ते बोलताना त्याने दुसऱ्या हाताकडे पाहिलंही नाही.

त्याचा कोट वर परांचीवर राहिला होता. मी आणते म्हटलं. तो नको म्हणाला, पण मी तोवर शिडीवर चढले होते. लहानपणापासून वडिलांच्या शिड्या चढले आहे, उंचीचं मला काही वाटत नाही. वर गेले, कोट उचलला आणि खिडकीकडे पाहिलं. विटा सुरेख लावल्या होत्या, एक वाकडी नव्हती. प्रत्येक सांध्यातून चुना बाहेर ओघळलेला होता. बोट लावलं तर ओला.

मी तिथे उभी असताना आतून टकटक ऐकू आली. मग थापी घासल्यासारखा खर्र आवाज. मग पुन्हा टकटक.

जुन्या ओकच्या तुळयांत एक किडा असतो, वसंत लागला की तो टकटक करतो. आमच्या भागातल्या प्रत्येक जुन्या घरात तो आहे. मी स्वतःला हे दोनदा सांगितलं. खर्र आवाजाचं काय, ते मी स्वतःला विचारलं नाही. खाली रूबेन शिडी धरून वर बघत होता. “हेटी, खाली ये,” तो म्हणाला, अगदी मायेने.

६

डॉक्टरांनी त्याचं मनगट तपासलं, त्यात काही सापडलं नाही. म्हणाले, कधीकधी मेंदूला बारीकसा झटका येतो आणि हात बदलतो, आराम करू दे. मला हायसं वाटलं. झटका म्हणजे निदान नाव असलेली गोष्ट.

उरलेला दिवसभर तो फार चांगला वागला. बूट न सांगता बाहेर काढले, पुढे ठेवलं ते खाल्लं, माझ्या चित्रांची एकदाही चेष्टा केली नाही. चेष्टा करत नव्हता हेच मला सोसेना.

त्याच्या भुवईवर एक जुना व्रण आहे. लहानपणी माझ्याच हातून दोरीवरच्या उड्यांच्या दोरीची मूठ लागली होती. तो आता डाव्या भुवईवर होता. आधी कुठे होता? मला आठवेना. ज्या भावाला लहानपणापासून समोर बसून जेवताना पाहिलं, त्याचा व्रण कुठल्या बाजूला ते सांगता येईना. त्याचा सैन्यातला फोटो काढून बघितला. फोटोत व्रण उजव्या भुवईवर होता. पण निगेटिव्हची काच उलटी ठेवून छापला तर फोटोही उलटा निघतो, हे मला आता कोणी सांगायची गरज नव्हती. डावं आणि उजवं या दोन शब्दांवरचा माझा विश्वासच उडाला होता.

मग मला ठोके आठवले.

लहानपणी आमच्या दोघांच्या खोल्यांच्या मध्ये पातळ फळ्यांची भिंत होती. आई गेल्यानंतर त्याला झोप यायची नाही. दिवे मालवले की मी भिंतीवर दोन ठोके मारायची, म्हणजे झोपलास का. तो एक मारायचा, म्हणजे झोपलो. झोपलेला माणूस उत्तर कसं देतो, यावर आम्ही दोघंही पांघरुणात तोंड घालून हसायचो. याविषयी आम्ही कधी कोणाशी बोललो नाही, मोठेपणी एकमेकांशीही नाही. पण त्याची बायको गेली त्या आठवड्यात मी एकदा दोन ठोके मारले होते, आणि त्याने एक मारला होता. ठोक्याला डावं-उजवं नसतं.

शुक्रवारी सकाळी तो शेजारच्या खोलीत दाढी करत होता. मी मधल्या भिंतीवर दोन ठोके मारले.

पाण्याचा आवाज थांबला.

“काय गं,” पलीकडून तो म्हणाला. “काही हवंय?”

७

शनिवारी बाजाराचा दिवस. तो चुना आणायला बाहेर पडला आणि मी त्याच्या पेटीतून हातोडा आणि छिन्नी काढली, पिशवीत वर कोबी ठेवला आणि नऊच्या बसने ऑल्डरिंगला गेले. श्रीमती कॅटरमोल चर्चमध्ये फुलं लावायला गेल्या होत्या. परांची अजून तशीच उभी होती. स्वच्छ ऊन होतं आणि धुराड्यांवर कावळे भांडत होते.

वर गेले. हातोड्याच्या दांड्याने विटेवर दोन ठोके मारले.

किड्याला मोजता येत नाही, असं मी मनाशी म्हणत होते. उत्तर आलं नाही तर घरी जायचं, त्याच्या हाताला तेल चोळायचं आणि आयुष्यभर याविषयी बोलायचं नाही. मला तेच हवं होतं.

आतून एक ठोका आला. अगदी जवळून.

दोन दिवसांचा चुना अजून मऊ होता. मी सांधा खरवडला, छिन्नी घातली, वीट हलवून बाहेर ओढली आणि मांडीवर घेतली. भोकात अंधार होता आणि ओल्या चुन्याचा वास. “रूबेन,” मी म्हटलं. “मी आहे, हेटी. चूक माझी होती. मी तुला काढते.”

अंधारातून एक हात पुढे आला. उजवा. अंगठ्याचं नख काळं होतं, जानेवारीत त्याच्यावर वीट पडली होती तेव्हाचं. मी तो दोन्ही हातांनी धरला. गरम होता, चुन्याने खरखरीत, माझ्या भावाचा. त्याने माझी बोटं घट्ट दाबली. आणि तो हात माझ्या हातात असताना, आत खूप खोलवर, कोणीतरी शांतपणे वीट ठोकत होतं. टकटक, खर्र, टकटक. ते क्षणभरही थांबलं नाही.

रूबेनने हात सोडवून घेतला आणि तळवा वर करून पुन्हा पुढे केला. मला वाटलं, मला धर म्हणतोय. मी हात दिला तर त्याने तो हळूच बाजूला सारला. तो वीट मागत होता, भोक बुजवायला.

“नाही,” मी म्हटलं. तळवा तसाच राहिला. आतला आवाज आता आधीपेक्षा जवळ आला होता. त्याने भोकाच्या कडेवर एकदाच, घाईने ठोकलं. झोपलो.

मी वीट दिली. हे मी कोणापासून लपवणार नाही. त्याने ती आतून बसवली, सरळ, एका दाबात, आणि चुना बाहेर येऊन माझ्या बोटांवर ओघळला.

मी किती वेळ तिथे बसले ते माहीत नाही. मग परांचीच्या फळ्या थोड्या हलल्या. खाली आमची गाडी उभी होती. तो शिडीपाशी होता, डावा हात पायरीवर ठेवून, वर बघत, मोठ्या काळजीने.

“शिडी धरलीये मी,” तो म्हणाला. “सावकाश उतर.”

उतरायला दुसरी वाट नव्हती.